आधी त्याला ‘टोचतंय’ सांगता येऊ दे

प्रश्न : माझा मुलगा १३ वर्षांचा, स्वमग्न आहे. आठवीत आहे. पाढे, राज्यांच्या राजधान्या घडाघडा म्हणतो, पण स्वतःहून काही सांगत नाही. शाळेतल्या बाई म्हणतात, हवं-नको बोट लावून सांगायला त्याला चित्रांची कार्डं द्या. ह्यांना वाटतं, कार्डांची सवय लागली तर तो कधीच बोलणार नाही. ह्यांचा सगळा भर दहावीवर आहे. बोर्ड बरं की मुक्त विद्यालय? मध्यंतरी वर्गात हात चावून घेत होता, ‘त्रास देतो’ असा डायरीत शेरा आला. घरी बूट काढला तर आत खडा.
– एक आई, सांगली

ताई, दहावीचं नंतर बोलू. मी त्या खड्यापाशीच अडखळले. शाळा सुटेपर्यंत पायाखाली खडा, आणि राजधान्या पाठ असलेल्या मुलाला ‘टोचतंय’ एवढं सांगायला जमलं नाही! हात चावणं हेच त्याचं सांगणं होतं. डायरीत तो त्रास ठरला, याचं मला फार वाईट वाटलं. एडवर्ड कार आणि मार्क ड्युरँड या मानसशास्त्रज्ञांनी १९८५ मध्येच दाखवून दिलं होतं, की मुलाला मदत मागायची सोपी रीत शिकवली की असं वागणं कमी होतं.

आता तुमच्या यजमानांची भीती. ती चुकीची आहे, आणि त्यापायी मुलाची वर्षं जातायत. चित्रांमुळे बोलणं थांबतं असं अभ्यासांत दिसलेलं नाही. काही मुलांचं बोलणं उलट थोडं वाढतं. शब्द तोंडातून येईपर्यंत त्याला दुसरी वाट नको का? मुंबई आयआयटीनं केलेलं ‘जेलो’ हे चित्राला बोट लावून बोलायचं अ‍ॅप मोफत आहे, मराठीतही आहे. तेही नको असेल तर पुठ्ठ्याची चार कार्डं करा : ‘दुखतंय’, ‘नको’, ‘मदत करा’, ‘बाहेर जायचंय’. दप्तरात ठेवू नका, शर्टाला अडकवा. आणि आधी तुम्ही वापरा. पाय दुखले की त्याच्यासमोर ‘दुखतंय’ला बोट लावा. रोज, महिनोन् महिने. ‘आधी तोंडानं बोल, मग पोळी’ असं मात्र कधीच करू नका.

दहावी मुक्त विद्यालयातूनही होते, राज्य मंडळातही जादा वेळ आणि लेखनिक मिळतो. वाट बंद होत नाही. पण उद्या तो पॅकिंगच्या कामाला लागला, तर ‘कळलं नाही’, ‘संपलं, पुढचं द्या’ हे त्याला सांगावंच लागेल. तिथं राजधान्या कुणी विचारणार नाही. पाढ्यांचा रोजचा अर्धा तास या कार्डांना द्या, असं यजमानांना माझ्या नावानं सांगा.

तो पहिल्यांदा ‘नको’ दाखवेल तेव्हा बहुधा कारल्याची भाजी समोर असेल. ‘दोन घास खा’ म्हणू नका. त्याच क्षणी भाजी ताटातून काढून घ्या.