स्नोबोर्डची बाइंडिंग बसवताना : आधी बोर्डाची भोकं पाहा

प्रश्न : डेन्व्हरला राहतो. बर्टन कंपनीचा एक जुना स्नोबोर्ड स्वस्तात मिळतोय. त्याच्या मधोमध दोन लांब खाचा आहेत. माझ्या बाइंडिंगची (बूट बोर्डाला धरून ठेवणारी जोडणी) डिस्क, म्हणजे तिला बोर्डावर कसणारी मधली गोल चकती, चार स्क्रूंची आहे. चालेल का?

उत्तर : त्या खाचा म्हणजे बर्टनचं ‘चॅनल’. त्यात प्रत्येक बाइंडिंगला दोनच बोल्ट लागतात, तेही बोर्डाच्या मधल्या रेषेत. तुमच्या डिस्कची भोकं चार कोपऱ्यांत असतील तर ती बसणार नाही. पण बाइंडिंग टाकून देऊ नका, बहुतेक वेळा नुसती डिस्क बदलून भागतं. तुमच्या कंपनीची चॅनलला चालणारी डिस्क मिळते का, एवढं बोर्डाचे पैसे देण्याआधी विचारून घ्या.

नवी बाइंडिंगच घ्यायची असेल तर बर्टनच्या ‘ईएसटी’ आणि ‘री:फ्लेक्स’ या दोन प्रकारांत गफलत करू नका. ईएसटीला मधली डिस्क नसते. पायाखाली लवचीकपणा छान मिळतो, पण ती चॅनलशिवाय दुसऱ्या कुठल्याही बोर्डावर बसत नाही. री:फ्लेक्स चॅनलवर बसते आणि भोकांच्या बोर्डावरही. पुढेमागे बोर्ड बदलायची शक्यता असेल तर आमचं मत सरळ री:फ्लेक्सला. आणखी जुन्या बर्टनवर तीन-तीन भोकांची ‘थ्रीडी’ रचना दिसते, तिला तिची वेगळी डिस्क लागते.

प्रश्न : भोकांच्या ४×४ मांडणीचा बोर्ड घ्यावा की २×४ चा? (टोरोंटो)

उत्तर : हे आकडे सेंटिमीटरचे. दोन्हींत रुंदीच्या दिशेने भोकांत ४ सेंमी अंतर असतं. लांबीच्या दिशेने एकात ४, दुसऱ्यात २ सेंमी. चार भोकांची साधी डिस्क दोन्हींवर बसते. २×४ मध्ये दोन पायांतलं अंतर बारीक टप्प्यांनी बदलता येतं, म्हणून पर्याय असेल तर तोच घ्या. मात्र निव्वळ एवढ्यासाठी आवडलेला बोर्ड सोडू नका.

खरी चूक होते ती डिस्कच्या दिशेत. डिस्कला लांबट खाचा असतात. त्या बोर्डाच्या लांबीला समांतर ठेवल्या तर पायांतलं अंतर सरकवता येतं, आडव्या ठेवल्या तर बाइंडिंग टाच-चवड्याच्या दिशेने सरकते. पाय मोठा असेल तर आडव्याच ठेवा. बूट घालून पट्टे आवळा आणि चवडा व टाच बोर्डाबाहेर किती येतात ते पट्टीने मोजा. दोन्हीकडे सारखं, साधारण १ ते २ सेंमी, आलं की जमलं. एकच बाजू जास्त बाहेर राहिली तर वळताना बूट बर्फाला घासतो आणि बोर्डाच्या कडेची बर्फावरची पकड सुटते. कोन बदलताना डिस्क जागीच राहते, बेसप्लेट (बाइंडिंगचा तळ) तिच्याभोवती फिरते. बहुतेक डिस्कवर एक दाता म्हणजे ३ अंश.

प्रश्न : स्क्रू सारखे ढिले होतात. जास्त कसल्यावर एका भोकाचे आटे गेले.

उत्तर : हे स्क्रू म्हणजे एम६ मापाचे (६ मिमी व्यासाचे) बोल्ट, आट्यांचं अंतर १ मिमी. म्हणजे एका फेऱ्यात बोल्ट १ मिमी आत जातो. हाताने फिरवून फेरे मोजा. पाचाच्या आत बोल्ट कसला गेला तर तो आखूड आहे, आणि सगळा भार दोन-चार आट्यांवर येऊन ते सोलले जातात. डोकं डिस्कला टेकायच्या आधीच तळ लागला तर बोल्ट लांब आहे. तसाच पिळलात तर बोर्डाच्या खालच्या बाजूला फुगवटा येतो. डिस्क बदलली की जाडी बदलते, म्हणून त्या डिस्कबरोबर आलेलेच बोल्ट वापरा.

बसवताना भोकातला बर्फ आणि ओल काढा. बोल्ट आधी उलटा फिरवा, आटे जुळल्याचा हलका ‘टक्’ जाणवला की सुलटा. चारही बोल्ट बोटांनी दोन-तीन फेरे लावून घ्या, मग कर्णरेषेत आळीपाळीने आवळा. ३ नंबरचा फिलिप्स (फुलीच्या टोकाचा) स्क्रूड्रायव्हर घ्या, २ नंबरचा बोल्टचं डोकं खाऊन टाकतो. ड्रिल मशीन नकोच. तासभर चालवल्यावर एकदा पुन्हा आवळा. आटे पकडायचं द्रव टाकू नका : त्यातले काही प्रकार प्लास्टिकच्या डिस्कला तडे पाडतात. गेलेलं भोक दुकानात दुरुस्त होऊ शकतं. तोवर तो बोर्ड घेऊन उतारावर जाऊ नका.

प्रश्न : पुण्याहून गुलमर्गला जातोय. बाइंडिंग स्वतःची, बोर्ड भाड्याचा. ती बसेल का, हे आधी कसं कळेल?

उत्तर : दुकानदाराकडून बोर्डाच्या मधल्या भागाचा वरून काढलेला फोटो मागवा. भोकं की खाच, भोकं किती, तेवढ्यात कळतं. जास्तीचे चार बोल्ट आणि स्क्रूड्रायव्हर चेक-इन सामानात ठेवा.