माद्रिदहून एका दिवसात ‘व्हॅली ऑफ द फॉलन’ बघायला जावं का?

तुम्ही लिहिलंय की माद्रिदमध्ये चार दिवस आहात, एक दिवस या स्मारकासाठी काढावा असं मनात आहे, पण कुणी सांगतं ‘हुकूमशहाचं स्मारक ते, पाऊलही टाकू नका’ आणि कुणी सांगतं ‘एवढा उंच क्रॉस पुन्हा बघायला मिळणार नाही’. मी नोकरीनिमित्त दोन वर्षं माद्रिदला राहिले. तिथे दोनदा जाऊन आले, २०१९ च्या वसंतात आणि नंतर २०२४ मध्ये. माझं म्हणणं, जरूर जा. फक्त त्याच दिवशी सकाळी आधी एस्कोरियालचा राजमठ बघा आणि दुपारी स्मारकाकडे वळा. हा क्रम उलटा करू नका.

कारण सांगते. माद्रिदच्या मोंक्लोआ स्थानकावरून ६६१ किंवा ६६४ क्रमांकाची बस धरलीत की तासाभरात सान लोरेन्सो दे एल एस्कोरियाल या गावी पोचता. दुसऱ्या फिलिपने बांधलेल्या मठाच्या तळघरात स्पेनच्या राजांची दफनखोली आहे. अष्टकोनी खोली, भिंतीत एकावर एक रचलेल्या संगमरवरी पेट्या, आणि प्रत्येक पेटीवर नाव. चारशे वर्षांपूर्वी गेलेला माणूस नेमका कुठल्या पेटीत आहे, हे तुम्ही बोट ठेवून दाखवू शकता. ही खोली नीट लक्षात ठेवा. तिथून गाडीने वीसेक मिनिटांवर, ग्वादार्रामाच्या डोंगरातल्या या स्मारकात, तेहतीस हजारांहून जास्त माणसं पुरलेली आहेत आणि तिथे एकाचंही नाव तुम्हाला सापडणार नाही.

थोडी पार्श्वभूमी. स्पेनच्या निवडून आलेल्या प्रजासत्ताक सरकारविरुद्ध जुलै १९३६ मध्ये लष्कराच्या एका गटाने उठाव केला. त्यातून पेटलेलं यादवी युद्ध १ एप्रिल १९३९ ला उठाववाल्यांचा सेनापती आणि पुढचा हुकूमशहा फ्रँको याच्या विजयाने संपलं. बरोबर एक वर्षाने, १ एप्रिल १९४० ला, त्याने हे स्मारक बांधण्याचा हुकूम काढला. उद्घाटनही १ एप्रिललाच, १९५९ मध्ये. तारखा बघितल्या की स्मारक कुणाच्या बाजूने उभं केलं, हे वेगळं सांगावं लागत नाही. पुढे सरकारी भाषेत त्याला ‘सलोख्याचं प्रतीक’ म्हटलं जाऊ लागलं. मला ते कधीच पटलं नाही.

बांधकाम प्रचंड आहे, हे मात्र खरं. ग्रॅनाइटच्या डोंगराच्या पोटात कोरलेलं २६२ मीटर लांबीचं चर्च, आणि वर कड्यावर दीडशे मीटर उंचीचा क्रॉस. क्रॉसच्या पायथ्याचे, येशूचं चरित्र लिहिणाऱ्या चार संतांचे महाकाय पुतळे हुआन दे आवालोस या शिल्पकाराने घडवले, आणि तो स्वतः युद्धाआधी समाजवादी पक्षाचा सदस्य होता. आत शिरल्यावर गारवा हाडांपर्यंत जातो. छत उंच, उजेड कमी, पावलांचा आवाज घुमत राहतो. माणसाला आपण किडामुंगी आहोत असं वाटावं, अशीच ती रचना आहे. दडपण येईल, येऊ द्या. पण त्या दडपणाला भक्तिभाव समजू नका.

हे कुणी खोदलं? मजुरी घेणारे कामगार होतेच, पण १९४३ पासून काही वर्षं राजकीय कैदीही इथे राबवले गेले. काम केलं की शिक्षेचे दिवस कमी होतील, अशी योजना होती. दगडाची धूळ छातीत जाऊन अनेकांना सिलिकोसिस हा फुप्फुसांचा आजार झाला. या कैद्यांमधली एक गोष्ट मला फार आवडते. निकोलास सांचेस-आल्बोर्नोस आणि मानुएल लामाना या दोन तरुणांना बंदी घातलेली विद्यार्थी संघटना पुन्हा उभी केली म्हणून शिक्षा झाली होती. १९४८ च्या उन्हाळ्यात ते दोघे इथून निसटले. बाहेर गाडी घेऊन दोन अमेरिकन मुली थांबल्या होत्या. गाडी लेखक नॉर्मन मेलर यांची, आणि मुलींपैकी एक त्यांची बहीण. हे निकोलास पुढे इतिहासकार झाले. स्पॅनिश भाषा जगभर शिकवणारी इन्स्तितुतो सर्व्हांतेस ही सरकारी संस्था १९९१ मध्ये सुरू झाली, तिचे पहिले संचालक तेच. चर्चसमोरच्या मोठ्या चौकात उभ्या राहाल तेव्हा आजूबाजूच्या पाइनच्या झाडीकडे बघा. पळून जायचं तर याच डोंगरातून.

आता मुख्य गोष्ट. १९५९ ते १९८३ या काळात देशभरातून मृतांचे अवशेष लाकडी पेट्यांत भरून इथे आणले आणि चर्चच्या बाजूच्या प्रार्थनागृहांमागे रचून ठेवले. फ्रँकोच्या बाजूने लढलेल्यांच्या घरच्यांना बऱ्याचदा विचारलं गेलं. प्रजासत्ताकाच्या बाजूच्या कित्येकांना मात्र गोळ्या घालून जिथे खड्ड्यात टाकलं होतं तिथून परस्पर उचललं, घरी कुणाला पत्तासुद्धा नाही. सुमारे बारा हजार जणांची तर ओळखच नोंदलेली नाही. आणि ज्या दारांमागे हे सगळे आहेत, त्यांवर कोरलंय: ‘देव आणि स्पेनसाठी धारातीर्थी पडलेले, १९३६-१९३९’. ज्यांनी मारलं त्यांचीच घोषणा मेलेल्यांच्या डोक्यावर. मी त्या दारापाशी बराच वेळ उभी होते. आमच्याकडे ज्यांची तिथी ठाऊक नसते त्यांच्यासाठी आजी सर्वपित्री अमावस्येला पान वाढायची, ते तिथे आठवलं आणि डोळे भरून आले.

नावं होती ती फक्त दोघांची, वेदीच्या पुढे आणि मागे. पुढे फालांखे या फॅसिस्ट पक्षाचा संस्थापक होसे अंतोनियो प्रिमो दे रिवेरा, ज्याला युद्धात १९३६ मध्ये मृत्युदंड दिला गेला. मागे स्वतः फ्रँको, जो युद्ध संपल्यावर छत्तीस वर्षांनी, १९७५ मध्ये, इस्पितळात आजाराने गेला. मी २०१९ मध्ये गेले तेव्हा दोन्ही शिळांवर ताजी फुलं होती आणि काही लोक हात जोडून उभे होते. त्याच वर्षी २४ ऑक्टोबरला फ्रँकोची शवपेटी काढून हेलिकॉप्टरने मिंगोर्रुबियोच्या दफनभूमीत नेली. प्रिमो दे रिवेरालाही एप्रिल २०२३ मध्ये माद्रिदच्या सान इसिद्रोमध्ये हलवलं. दुसऱ्या भेटीत मी ती जागा शोधली, तर साधी फरशी होती. मला बरं वाटलं, ते का लपवू?

माद्रिदच्या माझ्या ऑफिसात यावरून दोन तट होते. एक सहकारी म्हणायची, तिथे तिकिटाचा एक युरोही देणार नाही. दुसऱ्याच्या मनात लहानपणी आजीबरोबर ऐकलेलं तिथल्या मुलांच्या गायकवृंदाचं गाणं होतं, आणि ती आठवण कुणी हिसकावून घेतंय असं त्याला वाटायचं. त्याचा मला राग आला नाही. पण ज्यांचे आजोबा विचारल्याशिवाय तिथे नेले गेले, त्यांचं म्हणणं मला आधी ऐकावंसं वाटतं. २०१६ मध्ये एका न्यायालयाने दोन भावांचे अवशेष कुटुंबाला देण्याचा निकाल दिला. प्रत्यक्ष शोध सुरू व्हायला जून २०२३ उजाडलं. ओलीने पेट्या कुजल्यात, हाडं एकमेकांत मिसळलीत, त्यामुळे न्यायवैद्यक तज्ज्ञांचं काम फार सावकाश चालतं. तरी काही घरांत अवशेष परत गेलेत.

तिथे गेल्यावर ही माहिती फलकांवरून मिळेल असं समजू नका. दोन्ही वेळा मला आत यातलं फारसं काही लिहिलेलं दिसलं नाही, म्हणून घरूनच वाचून जा. २०२२ च्या कायद्यानंतर अधिकृत नाव ‘वाये दे कुएल्गामुरोस’ झालंय, नकाशावर तेच शोधा. सोमवारी बंद असतं. वेळा बदलतात, म्हणून निघण्याआधी पात्रिमोनियो नासिओनाल या स्मारक सांभाळणाऱ्या सरकारी संस्थेच्या संकेतस्थळावर बघून घ्या. चर्चमध्ये आजही प्रार्थना होते, आत फोटो काढू देत नाहीत. जुलैत गेलात तरी स्वेटर घ्या. फाटकापासून चर्च सहाएक किलोमीटर आत आहे, तेव्हा चालत जायचा बेत करू नका. मी एस्कोरियालहून टॅक्सी केली आणि ड्रायव्हरला दोन तास थांबवून ठेवलं. परतीला तिथे टॅक्सी मिळत नाही.