टीडीएस ८० आहे म्हणजे पाणी चांगलं आहे का?

तुम्ही विचारलंय की पुण्याच्या धायरीतल्या सोसायटीत सकाळी महापालिकेचं पाणी येतं, ते कमी पडलं की टँकर आणि बोअर. टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार, मिलिग्रॅम प्रतिलिटर) मोजणारा मीटर महापालिकेच्या पाण्याला ८० दाखवतो, बोअरच्या पाण्याला ६५०. मग आरओ, म्हणजे क्षार काढणारा फिल्टर, बसवायचा का?

आधी मीटर बाजूला ठेवा. तो पाण्यातून वीज किती सहज वाहते एवढंच मोजतो आणि त्यावरून क्षारांचा अंदाज देतो. जंतू त्याला दिसतच नाहीत. ८०च्या पाण्यात ड्रेनेजचं थोडं पाणी मिसळलं तर आकडा जेमतेम हलेल, आजारी पाडायला मात्र तेवढं पुरेसं आहे. जानेवारी २०२५मध्ये तुमच्याच भागात, नांदेड गाव, किरकटवाडी, धायरी या पट्ट्यात जीबीएस (गिलेन-बॅरे सिंड्रोम, नसांवर परिणाम करणारा आजार) झालेले रुग्ण वाढले, तेव्हा काही रुग्णांच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी हा जंतू सापडला होता. तो विष्ठेने दूषित झालेल्या पाण्यातून आणि कच्च्या राहिलेल्या चिकनमधून पसरतो.

खडकवासला धरणाचं पाणी मुळात मऊ, कमी क्षारांचं. शुद्धीकरण केंद्रातून ते क्लोरीन घालून निघतं. बिघडतं ते बहुतेकदा वाटेत. पुरवठा काही तासच असतो. पाणी बंद झालं की पाइपातला दाब जातो आणि जिथे गळती असेल तिथून बाहेरचं घाण पाणी आत शिरतं. थेट लाइनला मोटर लावणारे ही ओढ आणखी वाढवतात. म्हणून पाणी आल्यावर पहिली पाच-दहा मिनिटं ते टाकीत घेऊ नका. झाडांना, जिने धुवायला वापरा.

आता खरी तपासणी. पाण्यातला क्लोरीन दाखवणारं ओटी (ऑर्थोटोलिडिन) टेस्टचं किट स्वस्तात मिळतं. नळीत खुणेपर्यंत पाणी घ्या, बाटलीवर लिहिलेत तेवढे थेंब टाका आणि रंग लगेच बघा, दहा सेकंदांच्या आत. पिवळा जितका गडद तितका क्लोरीन जास्त. उशिरा चढणारा पिवळेपणा धरू नका. तो संयुक्त क्लोरीनचा, म्हणजे पाण्यातल्या अमोनियासारख्या पदार्थांशी जोडल्या गेलेल्या क्लोरीनचा असतो आणि जंतूंपुढे दुबळा. तपासलेलं पाणी प्यायचं नाही, मोरीत ओता. ही टेस्ट तीन ठिकाणी करा: महापालिकेचं पाणी टाकीत पडतं तिथे, खालच्या टाकीत आणि स्वयंपाकघरातल्या नळाला. क्लोरीन किमान ०.२ मिलिग्रॅम प्रतिलिटर हवा. गच्चीवरच्या टाकीत उन्हाने आणि साठवणीने तो उडतो, त्यामुळे वर थोडा कमी आला तर समजू शकतो. पाणी येतं तिथेच शून्य असेल तर त्याच दिवशी वॉर्ड ऑफिसला कळवा आणि पिण्याचं पाणी खळखळून एक मिनिट उकळा.

येताना क्लोरीन ठीक, पण खालच्या टाकीत शून्य, असं दिसलं तर संशय टाकीवर घ्या. एका रात्री ती पूर्ण रिकामी करून, येणारं पाणी बंद ठेवून सकाळी उतरून बघा. भिंतीवर ओलीचा पट्टा किंवा तळाशी डबकं दिसलं, तर बाहेरचं पाणी आत झिरपतंय. ड्रेनेजचा चेंबर टाकीला लागून असेल तर दुसरीकडे शोधायचीही गरज नाही. झाकण जमिनीपेक्षा उंच आणि ओव्हरफ्लोच्या पाइपाला जाळी, हेही बघून घ्या.

टँकरचं पाणी भरताना टीसीएल पावडर (ब्लीचिंग पावडर) वापरा. ३३ टक्के क्लोरीनची ताजी पावडर असेल, तर १०,००० लिटरला ६० ग्रॅम, म्हणजे लिटरला साधारण २ मिलिग्रॅम. बादलीत कालवून दहा मिनिटं ठेवा, चुना खाली बसला की वरची निवळी टाकीत ओता, अर्धा तास थांबा आणि पुन्हा ओटी टेस्ट करा. पिवळा आलाच नाही, तर पावडर जुनी आहे नाहीतर पाणी फार घाण. पाणी गढूळ असेल तर आधी निवळू द्या; गाळच क्लोरीन खाऊन टाकतो.

तर आरओ? महापालिकेच्या ८०च्या पाण्याला तो नको. त्यासाठी गाळणं आणि यूव्ही (जंतू मारणारा अतिनील प्रकाश) पुरे. बोअरचं ६५० हे ५००च्या इष्ट मर्यादेपेक्षा जास्त असलं, तरी दुसरा स्रोत नसेल तर आयएस १०५०० या पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात २,००० पर्यंत चालतं. माझ्या मते बोअरची लाइनच वेगळी करा, म्हणजे ते पिण्याच्या पाण्यात मिसळणार नाही. तसं जमत नसेल तर आरओचा निर्णय नायट्रेटवर (खतांतून आणि सांडपाण्यातून जमिनीत उतरणारा क्षार) घ्या. मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम, तिला सवलत नाही. सहा महिन्यांच्या आतलं, पावडरच्या दुधावरचं बाळ घरात असेल तर हे विशेष महत्त्वाचं. नायट्रेट उकळून जात नाही, उलट पाणी आटून वाढतं. यूव्हीनेही जात नाही. आरओने कमी होतं.

नायट्रेट आणि जंतू, दोन्हींची तपासणी प्रयोगशाळेत करून घ्या. जंतूंसाठी बाटली त्यांच्याकडूनच आणा आणि ती विसळू नका. आत क्लोरीन मारणारं औषध असतं, ते धुतलं गेलं तर क्लोरीन वाटेत जंतू मारत राहतो आणि निकाल खोटा चांगला येतो. नळाची जाळी काढा, दोन-तीन मिनिटं पाणी सोडा, मग भरा. बाटली बर्फात ठेवून सहा तासांत पोचवा.