अमेरिकेत थँक्सगिव्हिंगला अख्खं घर फुटबॉल बघत बसतं म्हणे. आपल्याकडे कुणाच्या घरी सुट्टीला अशी मॅच बघायची रीत आहे का? ती कशी पडली?

आहे, आमच्याकडे आहे. फक्त ती दरवर्षी येत नाही, चार वर्षांतून एकदा येते. फुटबॉल वर्ल्डकपची फायनल. फायनल रविवारी असते, त्यामुळे सुट्टीचा प्रश्न नसतो. "चार वर्षांतून एकदा, त्याला काय रीत म्हणायची?" असं माझ्या मेव्हण्याने एकदा विचारलं होतं. आमच्या काकूंनी त्याला तिथंच ऐकवलं, कुंभमेळा बारा वर्षांनी येतो, त्याला कुणी नावं ठेवत नाही.

तुम्ही म्हणताय तो अमेरिकेचा फुटबॉल निराळाच. लांबोळका चेंडू, आणि खेळ बराचसा हाताने. माझी चुलतबहीण डलासला असते, तिच्यामुळे थोडं माहीत आहे. नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी थँक्सगिव्हिंग. त्या दिवशी कॉलेजांचे सामने तिथं आधीपासून व्हायचे. १९३४ साली डेट्रॉइटमध्ये लायन्स नावाचा संघ नवीन आलेला, गाव बेसबॉलवेडं, या संघाला प्रेक्षक मिळेनात. मालकाने सुट्टीचा दिवस बघून सामना लावला. त्याचं स्वतःचं रेडिओ स्टेशन होतं, त्यामुळे तो सामना देशभर ऐकवायची सोयही झाली. डलासचा संघ १९६६ पासून त्या दिवशी खेळतो. म्हणजे त्यांची रीत तिकिटं खपेनात म्हणून पडली. आमची लाईट गेली म्हणून.

आमचं गाव औसा तालुक्यातलं. जिल्हा आता लातूर, १९८२ च्या आधी उस्मानाबाद, आणि १९५६ पर्यंत आम्ही हैदराबाद राज्यात. आबा, म्हणजे माझे आजोबा, कॉलेजला हैदराबादला होते आणि तिथं ते हैदराबाद सिटी पोलिसांच्या फुटबॉल संघाच्या नादी लागले. या संघाने १९५० ते १९५४ सलग पाच वर्षं मुंबईचा रोव्हर्स कप जिंकला होता. त्यांचे कोच सय्यद अब्दुल रहीम. आबा 'रहीमसाब' म्हणायचे, तेही कानाच्या पाळीला हात लावून. पुढं रहीमसाबांच्या हाताखाली भारत १९५६ च्या मेलबर्न ऑलिम्पिकमध्ये चौथा आला आणि १९६२ ला जकार्त्यात दक्षिण कोरियाला २-१ ने हरवून एशियाडचं सोनं घेऊन आला. हे आकडे मी कुठं वाचलेले नाहीत, शेंगा फोडता फोडता आबांच्या तोंडून ऐकलेले आहेत. नंतर ताडून पाहिले, सगळे बरोबर निघाले. गावात मात्र कुस्ती आणि क्रिकेट. फुटबॉल म्हटलं की एकटे आबा.

आता ती रात्र. ९ जुलै २००६. आषाढी एकादशी नुकतीच झालेली, घरोघर आखाड तळायचे दिवस. माय (आजी) आणि काकूंनी डबाभर कापण्या तळून ठेवलेल्या. रविवार म्हणून लातूरहून चुलते आलेले. इटली विरुद्ध फ्रान्स, मॅच रात्री साडेअकराला. झिदानचा हा शेवटचा सामना, हे आबांनी आठवडाभर सगळ्यांना सांगून झालेलं. सातव्या मिनिटाला झिदानने पेनल्टी अशी अलगद उचलून मारली की चेंडू वरच्या दांडीला लागून आत पडला, तेव्हा आबा जागेवरून उठले. आबा सहसा उठायचे नाहीत, त्यांचे गुडघे धरलेले असायचे. मग इटलीची बरोबरी, मग जादा वेळ. आणि जादा वेळेत लाईट गेली.

त्या काळात लोडशेडिंग आम्हाला नवं नव्हतं, पण त्याचं वेळापत्रक ठरलेलं असायचं आणि ही वेळ त्यात नव्हती. लाईटवाल्यांचा फोन कुणी उचलेना. पोरं एकेक करून पसरली. आबा काळ्या पडद्यासमोर तसेच बसून. माय आतून म्हणाली, "काय बघूलालाव ओ अंधारात?" आबा म्हणाले, "येईल." लाईट आली पहाटे.

सकाळी रेडिओवर कळलं, पेनल्टीवर इटली जिंकली. दुपारच्या एसटीने लातूरहून आलेल्या एकाने सांगितलं की झिदानने इटलीच्या त्या मटेराझीच्या छातीत डोकं घातलं आणि त्याला लाल कार्ड दाखवून बाहेर काढला. आबा म्हणाले, "हट. झिदान? कुणीतरी उठवलंय." मंगळवारच्या पेपरात फोटो आला. आबांनी चष्मा लावला, पेपर दारात उजेडाला धरला, बराच वेळ बघितला आणि म्हणाले, "डोकं बरोबर मारलंय. पण चेंडू कुठंय?" मग तो फोटो कापून घडी घालून पंचांगात ठेवला.

खरं सांगायचं तर त्या रात्री लाईट गेली नसती तर आमच्याकडे काही रीतबीत पडली नसती. मॅच बघून सगळे आपापल्या गावी गेले असते आणि विषय संपला असता. पण ती राहिलेली मिनिटं सगळ्यांच्या डोक्यात बसली. लग्नात भेटलो तरी तोच विषय, तेराव्याला भेटलो तरी तोच. "पुढच्या बारीला बॅटरी लावू" हे अण्णांचं (माझ्या वडिलांचं) वाक्य तेव्हाचं.

२०१० ला लावलीही. इन्व्हर्टर औशाहून भाड्याने, बॅटरी आमच्याच ट्रॅक्टरची. त्या दिवशी नेमकी ज्येष्ठाची आवस, त्यामुळे मायने तळण करू दिलं नाही, चिवड्यावर भागवलं. स्पेनच्या इनिएस्ताने ११६ व्या मिनिटाला गोल केला, आम्ही तो डोळ्यांनी बघितला आणि गल्ली जागी होईल इतकं ओरडलो. सोमवारी सकाळी ट्रॅक्टर सुरू होईना. स्पेन कुठं आहे हे ज्यांना ठाऊक नव्हतं त्या शेजाऱ्यांनी तो ढकलला.

२०१४ ला घरचा इन्व्हर्टर होता. त्या साली पाऊस लांबलेला, पेरण्या खोळंबलेल्या, कुणाचं चित्त थाऱ्यावर नाही. तरी जमलो. मॅच रात्री साडेबाराला. जादा वेळेत लाईट गेली, आम्ही हसलो. पण इन्व्हर्टर लागेपर्यंत एक झटका बसतो ना, तेवढ्यात सेट-टॉप बॉक्स बंद पडला. परत चालू होऊन चॅनेल येईपर्यंत दोन मिनिटं गेली आणि चित्र आलं तेव्हा जर्मन एकमेकांच्या गळ्यात पडलेले. ११३ व्या मिनिटाचा गोएत्झेचा गोल आम्ही रिप्लेमध्ये बघितला. आबा एवढंच म्हणाले, "दोनदा झालं." २०१७ च्या उन्हाळ्यात ते गेले.

२०१८ ला मॅच सुरू व्हायच्या पाच मिनिटं आधी अण्णा उठले आणि त्यांनी घराची मेनच (मेन स्विच) पाडली. पहिल्यापासून बॅटरीवर. मध्ये झटका नको, काही नको. पंखा बंद, दिवे बंद, फक्त टीव्ही. जुलैच्या उकाड्यात अठरा माणसं घामाघूम होऊन अंधारात फ्रान्स आणि क्रोएशिया बघत होती.

काकूंचं सांगायचं राहिलं. "तुमची मॅच आणि आमची कढई" म्हणून त्या पहिली दोन वर्ल्डकप धुसफुसत होत्या, आणि त्यांचं चुकीचं नव्हतं. आता तळण आदल्या दिवशी होतं, तेही सगळ्यांनी मिळून, आणि काकू पुढं बसतात. त्यांचा संघ ठरलेला नसतो, त्या दोन्हीकडच्या गोलकीपरच्या बाजूने असतात. "एकटाच बिचारा, सगळे त्याच्यावर." २०१८ ला फ्रान्सच्या लोरिसने पायातला चेंडू फुकट देऊन गोल खाल्ला तेव्हा घरच्या पोराला बोलावं तशा त्या बोलल्या. २०२२ ला अर्जेंटिनाच्या मार्टिनेझने अगदी शेवटच्या क्षणी पाय लांब करून तो गोल अडवला, त्यावर त्यांनी बोटं मोडली. ती फायनल १८ डिसेंबरला आणि येळवस (वेळ अमावस्या, शेतात जाऊन जेवायचा आमचा सण) २३ ला, म्हणून निम्मे पाहुणे राहूनच गेले. शेतात कडब्याच्या खोपीपुढं भज्जी-आंबील खाताना मेस्सी की एम्बाप्पे यावर दोन भाऊ हातघाईवर आले होते. एका पोराने उंडा (पिठाचा गोळा) पायाने उडवला आणि पाठीत धपाटा खाल्ला (खायच्या धपाट्यांशिवायचा).

त्याच वर्ल्डकपची एक सेमीफायनल माझ्या भाचीने पुण्यात मैत्रिणीच्या घरी बघितली. वय आठ. मॅच सुरू व्हायला आली तरी घरात दिवे चालूच, ती अस्वस्थ. शेवटी तिने मैत्रिणीच्या आईला विचारलं, "काकू, तुमची मेन कुठंय?"