बाह्य ड्राइव्ह प्रशासकाची परवानगी मागतो तेव्हा

विंडोजमध्ये बाह्य ड्राइव्हवर फाइल कॉपी करताना प्रशासकाची परवानगी मागितली गेली, म्हणजे ड्राइव्ह बिघडला असे समजू नका. तो बहुधा एनटीएफएस पद्धतीने फॉरमॅट केलेला असतो आणि त्यात प्रत्येक फोल्डरचा मालक व परवानग्या ड्राइव्हवरच नोंदलेल्या असतात. ही नोंद नावाने नव्हे तर खात्याच्या ओळखक्रमांकाने होत असल्यामुळे, जुन्या संगणकावरचे तुमचे खाते आणि नव्यावरचे त्याच नावाचे खाते विंडोजच्या लेखी दोन निराळ्या व्यक्ती ठरतात.

प्रशासक खात्याने लॉग इन करून अडलेल्या फोल्डरवर राइट क्लिक करा, प्रॉपर्टीजमधून सिक्युरिटी व पुढे अ‍ॅडव्हान्स्डमध्ये जाऊन मालक म्हणून आपले खाते निवडा, आतल्या फोल्डरांनाही तोच मालक लागू करण्याच्या चौकटीत खूण करा आणि खिडकी पुन्हा उघडून स्वतःला फुल कंट्रोल द्या. फाइली पुष्कळ असतील तर वेळ लागतो. तोवर केबल काढू नका. हा प्रयोग सी ड्राइव्हवर मात्र कदापि करू नये. यूएसी, म्हणजे मोठे बदल होण्याआधी परवानगी विचारणारी विंडोजची सुरक्षा सोय, बंद करण्याचा सल्लाही अनेक जण देतात, पण एका फोल्डरसाठी सगळ्या संगणकाचे संरक्षण घालवणे मला पटत नाही.

ड्राइव्ह अनेक संगणकांवर फिरणार असेल, तर आतला मजकूर आधी अन्यत्र ठेवून एक्सफॅटमध्ये फॉरमॅट करणे सोयीचे, कारण तिथे परवानग्यांची नोंदच नसते. अर्थात मग ड्राइव्ह ज्याच्या हाती, त्याला सर्व काही वाचता येते. फॅट ३२ टाळा, त्यात ४ जीबीहून मोठी फाइल मावत नाही. कार्यालयाच्या संगणकावर हे निर्बंध मुद्दाम घातलेले असू शकतात, तेव्हा तिथे आधी आयटी विभागाला विचारा.