वाचकांचे प्रश्न : ९८८ला पाठवलेला मेसेज कुठे जातो, कोण पाहतो?

अमेरिकेत मानसिक संकटात तातडीचा आधार मिळावा म्हणून ९८८ हा तीन आकडी क्रमांक १६ जुलै २०२२ पासून देशभर सुरू आहे. त्यावर फोन करता येतो, मेसेज पाठवता येतो, वेबसाइटवरून चॅटही करता येतो. दूरसंचार नियामक एफसीसीने जुलै २०२५ मध्ये नियम केला की ९८८ला येणारे मेसेज पाठवणारी व्यक्ती ज्या भागात आहे त्या भागाप्रमाणे वळवले जावेत. तेव्हापासून पालकांचे आणि विद्यार्थ्यांचे प्रश्न येत आहेत. सारखे प्रश्न एकत्र करून येथे उत्तरे दिली आहेत.

प्रश्न : माझी मुलगी इलिनॉयमध्ये शॅम्पेनला शिकते. तिचा फोन नंबर मात्र अजून आमच्याकडचा, न्यू जर्सीचा, ७३२ने सुरू होणारा आहे. तिने ९८८ला मेसेज केला तर तो कुठे जाईल? आणि ‘लोकेशनवरून राउटिंग’ म्हणजे तिचा पत्ता त्यांना कळणार का?

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण खरी भीती तिथे आहे. नाही, पत्ता कळत नाही.

आता पहिला प्रश्न. ९८८ म्हणजे एकच मोठे कॉल सेंटर नाही. देशभरातल्या दोनशेहून अधिक स्थानिक केंद्रांचे ते जाळे आहे. कोणत्या केंद्राकडे जोडायचे हे सुरुवातीपासून नंबरच्या एरिया कोडवरून, म्हणजे पहिल्या तीन आकड्यांवरून, ठरत आले. घराघरांत लँडलाइन होती तेव्हा एरिया कोड म्हणजेच ठिकाण. आज नंबर माणसाबरोबर फिरतो. त्यामुळे शॅम्पेनमधल्या ७३२च्या फोनला न्यू जर्सीचे केंद्र मिळू शकते. तिथला समुपदेशक शांतपणे ऐकून घेईल, धीर देईल, आणि बहुतेक संवादांत तेवढे पुरते. अडचण येते ती पुढच्या पायरीवर. शॅम्पेनमध्ये आज रात्री घरी येऊ शकणारे फिरते पथक कोणते, जवळचा दवाखाना कोणता, हे त्याला शोधावे लागते. स्थानिक केंद्राला ते ठाऊक असते.

नव्या पद्धतीत असे घडते. मेसेज पाठवताना फोन एखाद्या टॉवरला जोडलेला असतो, आणि तो टॉवर कोणता हे मोबाइल कंपनीला माहीत असतेच. त्याशिवाय सेवा चालूच शकत नाही. कंपनी त्या टॉवरचे ठिकाण एका मोठ्या प्रदेशात, उदाहरणार्थ काउंटीत (आपल्या जिल्ह्यासारखा राज्याचा विभाग), बसवते आणि फक्त त्या प्रदेशाचा संकेतांक पुढे पाठवते. ९८८ची यंत्रणा संकेतांकाला लागू असलेले केंद्र शोधते आणि मेसेज तिकडे देते. एफसीसीच्या नियमातली अट स्पष्ट आहे : पुढे जाणाऱ्या माहितीवरून ना फोनची नेमकी जागा कळली पाहिजे, ना टॉवरची. शॅम्पेन काउंटीत दोन लाखांहून जास्त लोक राहतात. तुमची मुलगी त्यांपैकी कोणीतरी आहे, एवढाच अर्थ त्या संकेतांकातून निघतो. तिचे वसतिगृह, रस्ता, इमारत यांतले काही त्यात नाही. फोनचे जीपीएसही यात वापरले जात नाही, त्यामुळे लोकेशन बंद ठेवले म्हणून मेसेज अडत नाही.

फोन कॉलसाठी हे आधी झाले. टी-मोबाइल आणि व्हेरायझन यांनी सप्टेंबर २०२४ मध्ये सुरुवात केली आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये एफसीसीने मोबाइल कॉलसाठी ते सक्तीचे केले. मेसेजला उशीर होण्याचे कारण तांत्रिक आहे. कॉल जोडला जातो तेव्हा टॉवरची माहिती हाताशी असते. मेसेज टप्प्याटप्प्याने जातो : फोनकडून कंपनीच्या मेसेज केंद्राकडे, तिथून घाऊक मेसेज पोचवणाऱ्या मध्यस्थ कंपनीकडे, मग ९८८कडे. पुढच्या टप्प्यांवर पाठवणाऱ्याचा नंबर आणि मजकूर जातो, टॉवरची माहिती मागेच राहते. आता प्रदेशाचा संकेतांक मेसेजला जोडावा लागेल, आणि वाटेतल्या प्रत्येकाने तो न गाळता पुढे द्यायला हवा. एकाने जरी तो टाकून दिला, तरी यंत्रणेपुढे पुन्हा एरिया कोडच उरतो. म्हणूनच कंपन्यांना मुदत दिली आहे. मोठ्यांना कमी, छोट्यांना जास्त.

तोपर्यंत उपाय सोपा आहे. मुलीला एवढेच सांगून ठेवा : समुपदेशकाशी संवाद सुरू झाला की पहिल्याच ओळीत काउंटी आणि राज्य लिहायचे. ‘शॅम्पेन काउंटी, इलिनॉय’ इतके पुरे. नाव, वसतिगृह, खोली यांतले काही लिहायची गरज नाही.

प्रश्न : वाय-फायवर असताना, व्हीपीएन लावून किंवा गुगल व्हॉइसच्या नंबरवरून मेसेज केला तर?

वाय-फाय कॉलिंगवर असलेल्या फोनचा मेसेज टॉवर वगळून इंटरनेटमार्गे कंपनीकडे जातो. अशा वेळी टॉवरवरून ठिकाण काढता येत नाही आणि एरिया कोडचा आधार घ्यावा लागू शकतो. तळघरात किंवा जाड भिंतींच्या इमारतीत हे हमखास होते. टॉवरमार्गे गेलेल्या साध्या मेसेजच्या वाटेवर व्हीपीएनचा परिणाम होत नाही, कारण तो इंटरनेटच्या बोगद्यातून जातच नाही. गुगल व्हॉइससारख्या इंटरनेटवरून चालणाऱ्या नंबरला स्वतःचा टॉवरच नसतो, तेव्हा तिथे ठिकाणाची अपेक्षा धरू नका. व्हॉट्सअ‍ॅपवरून ९८८ला मेसेज जात नाही. फोनमधले मूळ मेसेज अ‍ॅपच वापरा.

दोन काउंट्यांच्या सीमेवर राहणाऱ्यांना कधी शेजारच्या काउंटीचे केंद्र मिळेल, कारण टॉवर पलीकडे असू शकतो. त्याने बिघडत नाही. आपण कुठे आहोत ते सांगायचे.

प्रश्न : आमचा फॅमिली प्लॅन आहे. मी ९८८ला मेसेज केला तर नवऱ्याला कळेल का? मला ते कळू द्यायचे नाही.

हा प्रश्न विचारलात हे फार बरे केलेत. राउटिंगची चर्चा खूप होते, पण खासगीपणा प्रत्यक्षात जातो तो बहुतेक वेळा घरातल्या घरात.

मेसेजचा मजकूर बिलात येत नाही. मात्र अनेक कंपन्यांच्या ऑनलाइन खात्यात वापराची यादी असते : कोणत्या नंबरला, कोणत्या तारखेला, किती वाजता. खाते ज्याच्या नावावर तो ती यादी पाहू शकतो. ‘सेफ कनेक्शन्स अ‍ॅक्ट’ हा कायदा डिसेंबर २०२२ मध्ये झाला. त्याखालच्या नियमांचा रोख घरगुती हिंसाचाराच्या हेल्पलाइनवर आहे. अशा ठरावीक नंबरांच्या नोंदी ग्राहकाला दिसणाऱ्या यादीतून वगळायच्या असतात. ९८८ची नोंद त्यामुळे आपोआप लपेल असे धरून चालू नका. धोका वाटत असेल तर विश्वासातल्या मैत्रिणीच्या फोनवरून बोला, किंवा ग्रंथालयातल्या संगणकावरून ९८८च्या वेबसाइटवर चॅट करा. ब्राउझरची खासगी खिडकी उघडा आणि काम झाल्यावर ती बंद करा. याच कायद्यानुसार अत्याचार सोसणाऱ्या व्यक्तीला आपला नंबर सामायिक खात्यातून वेगळा करून मागता येतो आणि कंपनीने तो दोन कामकाजी दिवसांत वेगळा करायचा असतो. पण तसे केल्याचे घरात कळू शकते. आधी सुरक्षित जागेची सोय करा, मग अर्ज.

आता फोन. चार ठिकाणी बघा.

लॉक पडद्यावरची झलक : आयफोनवर सेटिंग्ज, नोटिफिकेशन्स, मेसेजेस, शो प्रीव्ह्यूज, तिथे ‘नेव्हर’. अँड्रॉइडवर लॉक स्क्रीनच्या नोटिफिकेशनमध्ये संवेदनशील मजकूर लपवण्याचा पर्याय असतो.

जोडलेली उपकरणे : घरातल्या आयपॅडवर किंवा मॅकवर तुमचेच अ‍ॅपल खाते चालू असेल तर मेसेज तिथेही उमटू शकतात. सेटिंग्जमध्ये मेसेजेसखाली ‘टेक्स्ट मेसेज फॉरवर्डिंग’ उघडा आणि ओळखीचे नसलेले प्रत्येक उपकरण बंद करा. आयक्लाउडवर मेसेज साठवणे चालू असेल तर एवढ्याने भागत नाही, त्या उपकरणावरून खात्यातून बाहेर पडावे लागते. गुगल मेसेजेसमध्ये वरच्या कोपऱ्यातल्या आपल्या चित्रावर बोट ठेवा आणि ‘डिव्हाइस पेअरिंग’मध्ये कोणता संगणक जोडलेला आहे ते पाहून तो काढून टाका. इथेच लोक सर्वाधिक फसतात. महिन्यांपूर्वी एकदा जोडलेला लॅपटॉप अजून सगळे मेसेज दाखवत असतो.

खोडलेले मेसेज : आयफोनवर खोडलेला संवाद ‘रिसेंटली डिलीटेड’मध्ये साधारण ३० दिवस राहतो. तिथूनही काढा.

बॅकअप : संवादानंतर रात्री बॅकअप झाला असेल तर त्यात तो असतो. म्हणून संवाद संपताच खोडा.

आणि साधा एसएमएस आरपार कूटबद्ध नसतो. मोबाइल कंपनी आणि मध्यस्थ कंपनी यांच्या यंत्रणेतून मजकूर उघडाच जातो. घरातल्या माणसापासून लपण्याशी याचा संबंध नाही, पण माहीत असावे.

प्रश्न : मेसेज केला की पोलीस दारात येतात असे ऐकले. मी विद्यार्थी व्हिसावर आहे. विद्यापीठाला कळवतात का?

९८८च्या दहा हजार संवादांतले दोनशेसुद्धा पोलीस किंवा रुग्णवाहिका पाठवण्यापर्यंत जात नाहीत. ९८८ चालवणारी संस्था स्वतः हे प्रमाण दोन टक्क्यांहून कमी सांगते, आणि त्यांतही कित्येकदा मदत मागणाऱ्याची संमती असते. नाव सांगण्याची सक्ती नाही. विमा लागत नाही. व्हिसाचा प्रश्न येतच नाही, आणि विद्यापीठाला कळवण्याचा कोणताही टप्पा या यंत्रणेत नाही.

उरलेल्या थोड्या प्रसंगांत काय होते तेही सरळ सांगायला हवे. जीव तत्काळ धोक्यात आहे आणि बोलून तो टळत नाही असे समुपदेशकाला वाटले, तर केंद्र ९११ला, म्हणजे पोलीस आणि रुग्णवाहिकेच्या आणीबाणीच्या क्रमांकाला, कळवते. ९८८कडे नेमके ठिकाण नसते, फोन नंबर असतो. तो नंबर घेऊन पोलीस मोबाइल कंपनीकडे ठिकाण मागतात. जिवाचा धोका असताना अशी माहिती देण्याची मुभा कंपनीला संघराज्य कायद्याने दिली आहे. म्हणजे काउंटीच्या संकेतांकाचा यात काही हात नाही. राउटिंगची नवी पद्धत नव्हती तेव्हाही हा मार्ग होता.

९११ची गोष्ट निराळी. तिथे फोनचे शक्य तितके नेमके ठिकाण आपोआप जाते, आणि ते जाणे हाच हेतू असतो. दोन्ही नंबरांत गल्लत करू नका.

प्रश्न : आपण लिहिलेले पुढे विकले जाते का?

या शंकेला आधार आहे. ७४१७४१वर चालणारी ‘क्रायसिस टेक्स्ट लाइन’ ही ९८८हून वेगळी, २०१३ पासूनची सेवा. तिने संवादांतली ओळख काढून टाकलेली माहिती आपल्याच पुढाकाराने निघालेल्या ‘लॉरिस’ या नफ्यासाठी चालणाऱ्या कंपनीला दिली होती, असे जानेवारी २०२२ मध्ये उघड झाले. ग्राहकसेवेचे सॉफ्टवेअर बनवणारी ती कंपनी. टीका झाल्यावर काही दिवसांतच ही देवाणघेवाण थांबवली गेली. नियम मोडला होता की नाही यापेक्षा एक गोष्ट मला महत्त्वाची वाटते : संमती घेतली ती लांबलचक अटींच्या दुव्यावर, आणि ती संकटातल्या माणसाकडून. अशा घडीला दिलेल्या संमतीला फार मोल नाही.

कोणत्याही सेवेचे धोरण शांत दिवशी वाचा. माहिती किती काळ ठेवतात, ‘संशोधन’ आणि ‘भागीदार’ या शब्दांखाली कोण येते, आणि खोडून मागायची सोय कुठे आहे, हे तीन मुद्दे शोधा. पण ऐन संकटात धोरण वाचत थांबू नका. मेसेज आधी.

प्रश्न : मुलगा ऑस्टिनला आहे, आम्ही पुण्यात. त्याची काळजी वाटली तर आम्ही ९८८ला मेसेज करावा का?

भारतातून ९८८ लागत नाही, ९११ही नाही. भारतीय सिम रोमिंगवर घेऊन अमेरिकेत आलात तरी मेसेज आधी भारतातल्या कंपनीच्या केंद्राकडे जातो, तेव्हा त्यावर विसंबू नका.

अमेरिकेतच दुसऱ्या राज्यात असलेल्या नातेवाइकाला मात्र मुलासाठी ९८८शी बोलता येते. इथे एक गोम आहे. राउटिंग बोलणाऱ्याच्या ठिकाणावरून होते, ज्याची काळजी आहे त्याच्या नाही. मामा न्यू जर्सीतून बोलत असेल तर न्यू जर्सीचेच केंद्र लागेल. म्हणून पहिले वाक्य हे : ‘मी ज्याच्याबद्दल बोलतोय तो ट्रॅव्हिस काउंटी, टेक्सास इथे आहे.’ मेसेजची सोय इंग्रजी आणि स्पॅनिशमध्ये आहे. फोनवर २४०हून अधिक भाषांचे दुभाषे मिळतात. भाषेचे नाव इंग्रजीत सांगून इंटरप्रिटर मागायचा आणि लाइनवर थांबायचे.

पुण्यात बसून तुम्ही आज करू शकता ते हे. विद्यापीठाच्या पोलिसांचा दहा आकडी नंबर, शहर पोलिसांचा तातडीचा नसलेला नंबर, विद्यापीठाच्या समुपदेशन केंद्राचा नंबर आणि मुलाच्या एखाद्या रूममेटचा नंबर वहीत लिहून ठेवा. परदेशातून लावताना प्रत्येकाच्या आधी +१ लागतो. मुलाचा सध्याचा पत्ता अपार्टमेंट क्रमांकासह त्याच पानावर लिहा आणि त्याने घर बदलले की त्याच दिवशी तो दुरुस्त करा.