जर्मनीचं घड्याळ कोल्हापुरात जुळेना

प्रश्न : लेकीने जर्मनीहून भिंतीवरचं रेडिओ घड्याळ आणलंय, तिकडे आपोआप वेळ लावून घ्यायचं म्हणे. इथे सेल घातला की काटे बारावर जाऊन थांबतात. गच्चीत नेलं, रात्रभर खिडकीत ठेवलं, फरक नाही. बिघडलं का? मोठी अँटेना लावू का?
– एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : काका, घड्याळ बिघडलेलं नाहीये, टाकून तर मुळीच देऊ नका. ते फ्रँकफर्टजवळच्या माइनफ्लिंगेनहून 77.5 किलोहर्ट्झवर येणारा डीसीएफ77 हा वेळ सांगणारा रेडिओ सिग्नल शोधतंय, त्याची रेंज साधारण 2000 किलोमीटर आणि तुम्ही साडेसहा हजारांहून जास्त लांब, मग गच्ची काय नि खिडकी काय. भारतात असं वेळ सांगणारं लाँगवेव्हचं (लांब रेडिओ लहरींचं) स्टेशन नाही. अँटेनावर पैसे घालवू नका, कारण एखाद्या रात्री चुकून सिग्नल आलाच तरी तो जर्मनीची वेळ देणार, आणि बऱ्याच घड्याळांत फरक फक्त पूर्ण तासांचा लावता येतो, आपला वरचा अर्धा तास राहतोच.

त्यापेक्षा सिग्नल घरातच तयार करा, खरंच जमतं हे आणि फार सुंदर युक्ती आहे! डीसीएफ77 ची नक्कल करणारी फोन ॲप्स मिळतात, भारतीय वेळ पाठवता येईल असं बघून घ्या. फोन 77.5 किलोहर्ट्झ काढू शकत नाही, म्हणून ॲप 15.5 वाजवतं, आणि फुल व्हॉल्यूमला त्यात पाचपट फ्रिक्वेन्सीचा बारीकसा अंश मिसळतो, 15.5 पाचे बरोबर 77.5! घड्याळ आवाज ऐकत नाही, वायरीभोवतीचं चुंबकीय क्षेत्र पकडतं, त्यामुळे ब्लूटूथ चालणार नाही, वायरवालाच हेडफोन लागेल. घड्याळाच्या आत तांब्याची तार गुंडाळलेली काळी फेराइटची कांडी असते, तीच त्याची अँटेना, तिच्याजवळ मागच्या बाजूला वायरचे दोन-चार वेढे ठेवा, सेल काढून परत घाला आणि ॲप चालू करा. हेडफोन मात्र कानात नको, बारीक ऐकू येतं म्हणून फसाल, कानाला त्रास होईल.

आता धीर धरा. दर सेकंदाला माहितीचा एकच तुकडा (बिट) येतो, पूर्ण वेळ कळायला अख्खं मिनिट जातं, वर घड्याळ खात्रीसाठी पुढची एक-दोन मिनिटंही तपासतं, म्हणून दहा मिनिटं हात लावू नका. जवळचे एलईडी दिवे, चार्जर बंद ठेवा, त्यांचा खरखराट याच पट्ट्यात येतो. नाहीच जमलं तर वायर कांडीच्या दुसऱ्या टोकाकडे सरकवून बघा, बहुतेक वेळा तिथेच अडलेलं असतं.

रोज करायची गरज नाही, सिग्नल नसताना ते साध्या क्वार्ट्ज घड्याळासारखं चालतं, आणि साधं क्वार्ट्ज महिन्याला दहा-पंधरा सेकंद इकडेतिकडे होतं, तेव्हा महिन्यातून एकदा पुरे.